बिनशिक्क्याची परवानगी

टर्रर्र... झिप वाजली आणि दुपारची शांतता मोडली. कुवेतमधल्या मंगफच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी पाच वर्षांची शर्वरी झोपते, असा माझा समज आहे. जाऊन बघते तर बाईसाहेब आपल्या गुलाबी बॅगेत उशी कोंबतायत.

"अगं, पर्थला मावशीकडे उशा असतात."

"माझी नसते," ती म्हणाली आणि उशीवर गुडघा देऊन बसली.

खरंच होतं. मी तिला तशीच बसू दिलं, कारण सकाळपासून तिला जे सांगायचं होतं ते अजून तोंडातून निघत नव्हतं.

ऑस्ट्रेलियात पर्थला माझी धाकटी बहीण श्यामला असते. तिचं पहिलं बाळंतपण. आमची आई नाही, तेव्हा तिचं माहेर म्हणजे मीच. "ताई, तू खोलीत असलीस ना, तर मी निदान मराठीत ओरडीन," ती फोनवर म्हणाली होती. मी आणि शर्वरी जायचं, आणि रिफायनरीत शटडाऊनची दुरुस्ती चालू, रजा नाही, म्हणून माझ्या नवऱ्यानं, चंद्रहासनं, इथे राहून अंडी उकडून खायची, असं ठरलं.

जवळच फहाहीलला अब्बासभाईंचं ट्रॅव्हल ऑफिस आहे. मूळचे दापोलीकडचे. चंद्रहास अमेरिकेत शिकत असताना शर्वरी तिथे जन्मली, म्हणून तिचा पासपोर्ट अमेरिकेचा. अब्बासभाईंनी तो उघडला, कॉम्प्युटरवर बोटं नाचवली आणि चहा यायच्या आत परत दिला.

"घ्या साहेब, पोरीचं झालं."

"काय झालं?" चंद्रहासनं विचारलं.

"परवानगी. ऑस्ट्रेलियाला या पासपोर्टला व्हिसा लागत नाय. थोड्या दिवसांसाठी जायचं तर ही इलेक्ट्रॉनिक परवानगी पुरते."

चंद्रहासनं पासपोर्टची पानं पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. "शिक्का कुठाय?"

"शिक्का नसतो साहेब. ती दिसत नाय. तिकडच्या कॉम्प्युटरात असते."

कुवेतमध्ये राहणाऱ्या माणसाला न दिसणारी परवानगी पटत नाही. इथे बायको आणायला शिक्का, मूल शाळेत घालायला शिक्का, आणि आधीचा शिक्का खरा आहे हे सांगायला त्यावर आणखी एक शिक्का. चंद्रहास खुर्चीतून हलेना. शेवटी अब्बासभाईंनी एक प्रिंट काढला, खणातून स्वतःच्या ऑफिसचा गोल शिक्का काढला आणि ठप्पकन मारला.

"आता?"

"हां, आता कसं!" चंद्रहास म्हणाला. माझा इंजिनीअर नवरा तो कागद तळहातावर धरून शाई वाळेपर्यंत फुंकर मारत होता.

मग माझा भारतीय पासपोर्ट पुढे आला. अब्बासभाईंनी कॉम्प्युटर बाजूला सारला आणि जाडजूड फाईल काढली. "वहिनी, तुमचं जरा हातानं करावं लागेल."

मला सिद्ध करायचं होतं की मी परत येईन. कंपनीतर्फे सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवणारा माणूस, मंदूब, त्याच्या मागे लागून आम्ही पगाराचा दाखला, लग्नाचा दाखला, घराचा करार गोळा केला. सगळ्यावर निळे, जांभळे, हिरवे शिक्के. असली सजावट माझ्या लग्नातही नव्हती. कुवेतमध्ये ऑस्ट्रेलियाची व्हिसा कचेरी नव्हती, म्हणून गठ्ठा विमानानं शेजारच्या देशात गेला. म्हणजे माझे कागद माझ्या आधी फिरून आले.

उत्तर नम्र होतं. आपण परत याल अशी खात्री पटत नाही.

"का नाही पटत? नवरा इथे आहे ना!" मी अब्बासभाईंना विचारलं.

ते खाली बघत म्हणाले, "माझा अंदाज सांगतो वहिनी. तुम्ही पोर बरोबर नेताय. बाई पोर घेऊन निघाली, मग तिचं मागे राहिलं काय?"

"मी राहिलो!" चंद्रहास ओरडला.

अब्बासभाईंनी त्याच्याकडे फार मायेनं पाहिलं. "तुम्ही आहातच, साहेब."

त्यांचा सल्ला सोपा होता. पुन्हा अर्ज करा, पोर इथेच राहील असं लिहा. म्हणजे बुटाची लेस न बांधता येणारी शर्वरी एअर होस्टेसचं बोट धरून एकटी ऑस्ट्रेलियाला जाऊ शकत होती. मीही एकटी जाऊ शकत होते. आम्ही दोघींनी मिळून जायचं नव्हतं, इतकंच.

श्यामलाचे दिवस भरत आले होते. मी तसं लिहिलं. शेजारच्या सुनंदानं दिवसभर शर्वरीला सांभाळायचं कबूल केलं. आज सकाळी पासपोर्ट आला, आत व्हिसाचं चकचकीत स्टिकर. चंद्रहासनं त्यावरून अंगठा फिरवून बघितला आणि समाधानानं कामावर गेला.

मी शर्वरीशेजारी जमिनीवर बसले. तिच्या केसांना कालच्या शिकेकाईचा वास होता. मी उशी हळूच बॅगेतून काढली.

"राणी, या वेळी आई एकटीच जाणार आहे."

"बट माझी परमिशन आहे! बाबांनी शिक्कापण आणलाय."

"आहे गं. पण तू इथे राहिलीस ना, की ऑस्ट्रेलियावाल्यांना कळतं, आई नक्की परत येणार."

तिनं उशी माझ्या हातातून ओढून पोटाशी धरली.

"आणि मी गेले असते, तर मी परत यावं म्हणून त्यांनी कुणाला इथे ठेवलं असतं?"