एक नाक बाकी

"बाई आहेत का?"

चष्मेवाल्याने भिंगातून डोळा काढला नाही. फ्रेमच्या दांडीचा स्क्रू मोहरीपेक्षा बारीक होता, निसटला असता तर पुन्हा सापडला नसता.

"नाहीत," तो म्हणाला.

"मग कधी येतील? आज माझा आठवा दिवस आहे. चौथा, आठवा आणि मग तीन महिन्यांनी, असं बजावून सांगितलंय. नाही आलात तर तुमच्या बसपुढे आडवी पडेन म्हणाल्या."

स्क्रू बसला. त्याने भिंग काढून ठेवलं. दारात शाळेच्या बसची ड्रायव्हर उभी होती. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. नाकाच्या डाव्या बाजूला चमकी आणि चमकीभोवती सगळं लालभडक.

"ती गेली," तो म्हणाला. "बुधवारी पहाटे. हृदय बंद पडलं."

बसवाली स्टुलावर बसली. म्हणाली, "मंगळवारी तर मला ओरडल्या हो. उशीची खोळ बदलली नाही म्हणून."

"माहीत आहे. मी ऐकत होतो."

दुकान एकच होतं, मधे पडदा होता. अलीकडे तो चष्मे करायचा, पलीकडे त्याची बायको नाक-कान टोचायची. एकतीस वर्षं. बायको गेल्यावर तीन दिवसांनी त्याने दुकान उघडलं, तेही चार जणांचे चष्मे तयार होऊन पडले होते म्हणून. चष्म्यावाचून माणसाचं अडतं. तेवढे देऊन कुलूप लावायचं, असं त्याने ठरवलं होतं.

बायकोची कामाची रीत निराळी होती. टोचायच्या बंदुकीला ती हात लावत नसे. सुई नवी, पाकीट गिऱ्हाईकासमोर फोडायचं. टोचायला एक श्वास पुरे, पण जागा ठरवायला ती अर्धा तास घ्यायची. पेनाने ठिपका द्यायची, गिऱ्हाईकाला उभं करायची, चालायला लावायची, पुन्हा बसवायची. ठिपका पुसायची, केसभर सरकवून पुन्हा द्यायची. मग म्हणायची, "आता हसा."

"हसू? कशाला?"

"नाक काय फोटोत बसून राहणार आहे? ते हसणार, रडणार, शिंकणार. हसताना नाकपुडी पसरते, ठिपका हलतो. हसतानाही तो जागेवर दिसायला हवा."

हुकमावर कोणाला हसू येत नाही. म्हणून ती नवऱ्याची गोष्ट सांगायची. पडद्याकडे बोट करून, आवाज मुळीच कमी न करता.

"पलीकडे बसलेत ना, ते आमचे हे. मी एकवीस वर्षांची, पहिला चष्मा करायला गेले. यांनी पट्टी लावली माझ्या नाकाला. मापतायत, मापतायत, मापतच बसलेत. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलणार. तर म्हणाले, 'तुमचं नाक डावीकडे झुकलंय.' मी म्हटलं, 'तुमची पट्टी वाकडी असेल.' यांनी पट्टी उजेडात धरली, एक डोळा मिटून पाहिली आणि म्हणाले, 'हो, पट्टीच वाकडी आहे.' म्हटलं, चूक कबूल करणारा पुरुष! हा सोडायचा नाही!"

गिऱ्हाईक हसायचं. तेवढ्यात ठिपका पक्का व्हायचा. पडद्याअलीकडे तो खोकायचा, आणि त्या खोकण्यालाही गिऱ्हाईक पुन्हा हसायचं. तो नाकासमोर चालणारा माणूस. विनोद त्याला जमत नसत, पण त्याच्यावरचा हा एक विनोद त्याने काही हजार वेळा ऐकला होता आणि एकदाही बायकोला अडवलं नव्हतं.

तीनदा परत यायचं कबूल केल्याशिवाय ती कोणाला टोचत नसे. "भोक मी पाडते, क्षणाचं काम आहे," ती म्हणायची. "पण ते भरून यायला चार-सहा महिने लागतात, ते काम तुमचं. जमणार नसेल तर आत्ताच उठा." उठून गेलेलेही होते. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही.

"मी काढायलाच आले होते खरं," बसवाली म्हणाली. "ठणकतंय दोन दिवस. आमचा डेपोचा साहेब म्हणतो, या वयात ही काय थेरं! सोळाव्या वर्षी मागितली होती, वडील नाही म्हणाले. मग सासूबाई नाही म्हणाल्या. मग नोकरी. या खेपेला कोणालाच विचारलं नाही." तिने नाकाकडे हात नेला आणि मागे घेतला. "काढली तर भोक बुजेल ना?"

"एवढं नवं आहे, लगेच बुजेल."

"आणि आता दुसऱ्या कोणाच्या हाती नाक द्यायची माझी हिंमत नाही. मग राहिलंच."

मी चष्मेवाला आहे, मला यातलं कळत नाही, असं तो म्हणणार होता. ते खरंही होतं. पण समोरचं नाक हे त्याच्या बायकोच्या हातचं शेवटचं काम होतं; बाकीच्यांच्या तिन्ही खेपा झाल्या होत्या, हे एकच अर्धं राहिलं होतं. तो उठला. कोपरापर्यंत साबण लावून त्याने हात धुतले, ती धुवायची तसे. दिवा ओढून घेतला आणि भिंग लावलं.

चमकीच्या कडेला एक बारीक फोड आला होता. कातडी लाल होती, पण लाली पसरलेली नव्हती. पू नव्हता.

"फिरवता का हिला?"

बसवालीने नजर खाली केली.

"फिरवता."

"रोज सकाळी. डेपोतली मैत्रीण म्हणाली, फिरवली नाही तर मांसाला चिकटते. आणि वर स्पिरिट लावते."

"ते नाक आहे, रेडिओचं बटण नाही!"

वाक्य तोंडातून गेल्यावर तो थांबला. ते त्याचं नव्हतं. बसवालीनेही चमकून पडद्याकडे पाहिलं.

त्यानंतर मात्र त्याला अडखळावं लागलं नाही. एकतीस वर्षं पडद्याआडून ऐकलेलं सगळं एकेक करून बाहेर आलं. स्पिरिट बंद. फिरवणं बंद. पाणी उकळून निववायचं, कपभर पाण्याला पाव चमचा मीठ, जास्त नाही, जास्त मिठाने कातडी फुटते. दिवसातून दोनदा त्या पाण्यात भिजवलेली स्वच्छ पट्टी नाकाला लावून पाच मिनिटं बसायचं. कापूस नको, धागे अडकतात. खपली आपोआप सुटेल, नखाने काढायची नाही. पावडर-क्रीम त्या बाजूला फिरकता कामा नये. तोंड टॉवेलने पुसायचं नाही, कागदाने टिपायचं.

"आणि हे बघा," तो म्हणाला, "लाली गालाकडे सरकली, ताप आला, पिवळं-हिरवं यायला लागलं, तर माझ्याकडे यायचं नाही. तडक डॉक्टरकडे. चमकीही स्वतःहून काढायची नाही, भोक वरून बुजलं तर पू आत कोंडतो. डॉक्टर सांगतील तसं."

"आणि तसं नाही झालं तर?"

"चार दिवसांनी या."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिने विचारलं, "बाबा, रविवारी येऊन आईची बाजू आवरू का? तुम्ही एकटे नका करू. आणि मग इकडेच चला माझ्याकडे."

"तीन महिन्यांनी बघू."

"तीन महिने कशाला?"

"एक नाक बाकी आहे," तो म्हणाला.

आईची मुलगी होती, तिला कळलं.

बसवाली चार दिवसांनी आली, मग पुन्हा चार दिवसांनी. मुलांना शाळेत सोडून ती बस मागच्या मोकळ्या जागेत लावायची आणि यायची. येण्याआधी तो दिवा पुसून ठेवायचा. तोही दिवसातून दोनदा पाणी उकळायचा, कशासाठी ते त्यालाच ठाऊक नव्हतं. मग त्याचा चहा व्हायचा. फोड बसत चालला. "पोरं काय म्हणतात माहितीये?" बसवाली म्हणायची. "म्हणतात, मावशी, डावीकडे वळताना तुमच्या नाकातला दिवा लागतो."

पाचव्या आठवड्यात ती भर दुपारी धावत आली. नाकपुडी बोटांनी चिमटीत धरलेली, बोटांना रक्त.

"टॉवेल! सवयीने पुसलं हो तोंड! निम्मी बाहेर आलीय."

त्याने शिव्या दिल्या नाहीत. बायकोने दिल्या असत्या. त्याने हात धुतले, खारं पाणी घेतलं, तिला दिव्याखाली बसवलं. भिंगातून पाहिलं तर चमकीची दांडी जेमतेम कड धरून होती. अजून एक हिसका बसला असता तर बाहेरच. त्याने आपल्या हातांनी आयुष्यभर न दिसणारे स्क्रू बसवले होते. तरी त्याने आधी दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली.

"श्वास सोडा," तो म्हणाला. हेही बायकोचंच.

बसवालीने श्वास सोडला. दांडी आली त्याच वाटेने परत गेली. जोर लावावा लागला नाही. बायकोने वाट सरळ पाडली होती, केसभरही तिरपी नाही. त्याच्या ते आधी लक्षातच आलं नव्हतं. एका श्वासात, नुसत्या हाताने पाडलेलं भोक, आणि काटकोनात. तो बराच वेळ भिंगातून बघत राहिला.

"काय झालं? बिघडलंय का?" बसवालीने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "फार चांगलं काम आहे."

तीन महिने झाले त्या दिवशी बसवाली धुतलेला शर्ट घालून आली. लांब दांडीची चमकी काढून आखूड घालायची होती. सूज येणार म्हणून बायको आधी लांब घालायची. आखूड चमकी तिने निवडून, पाकिटात बंद करून खणात ठेवली होती. पाकिटावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं: बसवाली. हिला टॉवेलची सवय आहे.

बसवालीने ते वाचलं आणि म्हणाली, "बघा! माझ्या घरी न येता ओळखलं!"

जुनी निघाली, नवी बसली. नाक शांत होतं, रंग कातडीचाच. त्याने आरसा तिच्या हातात दिला. आता एकच राहिलं होतं.

"हसा," तो म्हणाला.

"असं कसं हसू? त्या गोष्ट सांगायच्या."

तो पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने ती गोष्ट सांगितली. त्याला सांगता येत नव्हती. नाकाला पट्टी लावली, ती मापं, मग तो काय म्हणाला, मग ती काय म्हणाली, सगळं सपाट आवाजात, चष्म्याचा नंबर सांगावा तसं. बसवाली भिडेखातर ओठ ताणून बसली होती.

"पण पट्टी वाकडी नव्हती," तो म्हणाला.

"काय?"

"सरळ होती. कारखान्यातून आलेली, स्टीलची. वाकडी कशी असेल? तिचं नाक डावीकडेच झुकलेलं होतं. थोडंसं. ती चिडली होती, म्हणून मी पट्टीवर ढकललं. एवढं एकच खोटं बोललो तिच्याशी. तिला शेवटपर्यंत कळलं नाही."

बसवालीचे खांदे हलायला लागले.

"अहो काका! त्यांची स्वतःची चमकी कुठल्या बाजूला होती?"

"उजव्या."

"मी विचारलं होतं त्यांना, सगळ्यांची डावीकडे, तुमचीच उजवीकडे का? तर म्हणाल्या, माझं नाक डावीकडे झुकतं, उजवीकडे चमकी असली की तोल सावरतो." तिने डोळे पुसले, हाताने, टॉवेलने नव्हे. "एवढी नाकं बघितलेली बाई. तिला स्वतःचं कळलं नसेल होय?"

आणि ती हसली. दुकान भरून हसली. नाकपुडी पसरली, चमकी तिच्याबरोबर सरकली आणि तरीही जागेवरच दिसली. त्याने ते पाहिलं. भिंग लावायची गरज पडली नाही. मग त्याच्या लक्षात आलं की आपणही हसतोय.

ती गेल्यावर त्याने मुलीला फोन केला आणि रविवारी ये म्हणून सांगितलं. पण आवरायला नको, जेवायला, असंही सांगितलं. मग पडदा एका बाजूला सारला. बायकोचा हातआरसा चष्मे पुसायच्या फडक्याने पुसून त्याने आपल्या टेबलावर ठेवला.

पुढचं गिऱ्हाईक एक म्हातारे मास्तर होते, नवी फ्रेम घ्यायला आलेले. फ्रेम चढवून त्यांनी आरशात पाहिलं आणि ठीक आहे म्हणाले.

"हसून दाखवा," चष्मेवाला म्हणाला.

"हसू? ते कशाला?"

"हसताना गाल वर येतात, फ्रेम हलते." त्याने टेबलावरची स्टीलची पट्टी उचलली आणि मास्तरांच्या समोरचं स्टूल ओढलं. "ही पट्टी बघा. माझी बायको एकवीस वर्षांची होती, तेव्हाची आहे."