मागच्या सीटवर

आमच्या दोन सीटच्या सायकलीचे ब्रेक पुढच्याच्या हातात. मागे बसणाऱ्याला धरायला एक हँडल असतं, पण ते पुढच्या सीटखाली पक्कं बसवलेलं, वळत नाही. धरून बसायचं आणि पाय मारायचे. संसारात मला या जागेची चांगली सवय होती. सायकलीवर मात्र मी पुढे होते, आणि त्याचं कारण होतं आमच्या ह्यांची नजर.

ह्यांचं नाव हेमराज. हिंगणघाटला आमचं गुरांना घालायच्या ढेपीचं दुकान आहे. ह्यांना काचबिंदू झाला आणि कळेपर्यंत फार उशीर झाला. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची. ह्यांनी ती जपायच्या आधी वापरायची ठरवली. वणा नदी जन्मभर पुलावरूनच पाहिली, आता तिच्या काठाकाठानं संगमापर्यंत जाऊ, मग वर्धा नदीच्या काठानं जमेल तितकं पुढे, असं म्हणाले. नागपूरहून जुनी सायकल आणली. कॉलेजच्या मैदानावर मी या वयात पुढे बसून शिकले. पडले, ह्यांनाही घेऊन पडले. कित्येक महिन्यांनी हे तेव्हा हसले.

अट एकच होती. डोळ्यांचं कोणाला सांगायचं नाही, पोराला सुद्धा नाही. "आंधळ्याच्या काट्यावर कोण ढेप मोजून घेईन?" असं विचारलं ह्यांनी, आणि मी शब्द दिला.

शब्द देणं सोपं होतं. निभावताना कळलं की ह्यांना बायकोच्या मागे बसलेलं कोणाला दिसायलाही नको होतं. नदीकाठच्या पांधणीनं, म्हणजे बैलगाडीच्या वाटेनं, कापसाच्या शेतांमधून जाताना मी पुढे. गाव आलं की वेशीबाहेर थांबायचं, जागा बदलायची आणि ह्यांनी पुढे बसून ऐटीत गावातून जायचं. मी मागून हळूच सांगत राहायची, उजवीकडे म्हैस, डावीकडे खाट, जरा थांबा. गाव संपलं की पुन्हा बदल. मी चिडायची. म्हटलं, अहो, मिरवणूक आहे का ही? पण ह्यांना नदीचं पाणी दिसलं की असे गप्प होऊन बघत बसायचे, की माझा राग तिथल्या तिथे विरायचा. मान हळूहळू फिरवत नदी तुकड्यातुकड्यानं पाहायचे. ते मला बघवत नव्हतं.

मुक्काम माझ्या माहेरी, वडनेरला करायचा होता. त्यासाठी नदी सोडून आत वळलो. वेशीबाहेर मी ह्यांना विनवलं, इथे तरी राहू द्या, माझीच माणसं आहेत. हे म्हणाले, माझी सासुरवाडी आहे. जवाई बायकोच्या मागे बसून सासरी येतो का कुठे? मी उतरले आणि मागे जाऊन बसले. एवढं मी ह्यांचं ऐकायला नको होतं.

आमच्या घराकडे रस्ता उताराचा आहे. समोर दारात गोपाल, माझा धाकटा भाऊ, आणि त्याची बायको अपेक्षा ओवाळायचं ताट घेऊन उभी. शेजारपाजारही जमलेलं. ह्यांना ते सगळं नीट दिसत होतं, कारण ते समोर होतं. ह्यांनी एक हात सोडून नमस्कार केला. त्याच वेळी उजवीकडून, हौदाकडून, बाबा निघाले. जवायाच्या पायावर घालायला हातात पाण्याचा तांब्या. आमच्याकडे ही रीत बाबांनी अजून सोडलेली नाही. तांब्या सांडू नये म्हणून खाली बघत सावकाश चालत होते.

मला सगळं दिसत होतं. "उजवीकडे" हा शब्द ओठांवर आला होता. पण एवढ्या माणसांत जवायाला बायको रस्ता सांगते म्हटल्यावर ह्यांचं काय राहिलं असतं? मला वाटलं, दिसेल ह्यांना, वळतील. मी पाय थांबवले. पाय थांबले तरी सायकल थांबत नाही. मी ओरडले तेव्हा फार उशीर झाला होता.

बाबांच्या मांडीचं हाड मोडलं. दुपारी हिंगणघाटच्या दवाखान्यात आम्ही सगळे त्यांच्या खाटेभोवती होतो. ऑपरेशन करावं लागेल असं कळलं होतं. या वयात बाबा पुन्हा चालतील की नाही, ते कोणी सांगत नव्हतं. हे माझ्या बाजूला बसून पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, बाबा एकदम मधात आले. खोटं बोलत नव्हते. ह्यांच्यासाठी बाबा खरंच कुठूनही आले नव्हते, एकदम होते.

गोपालला ते पटत नव्हतं. "एवढा मोठा रस्ता, लख्ख ऊन," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "ताई, तू तं मागंच होती. तुले दिसलं असन. भाऊजीले काऊन नाई दिसलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकीकडे माझा बाप, एकीकडे माझा शब्द. कोणा एकाला मी मोडणारच होते. हे माझ्याकडे बघत नव्हते. मान खाली घालून, मी काय बोलते त्याची वाट बघत होते.

"मागच्याले काई दिसत नाई, गोपाल," मी म्हटलं. "समोर पुढच्याची पाठ असते."

ह्यांनी सुस्कारा सोडला आणि माझा हात धरायला हात पुढे केला. माझा हात खाटेच्या कडेवर, ह्यांच्या अगदी जवळ होता. ह्यांचा हात त्याच्या बाजूनं गेला, चादरीवर चाचपडला, बाबांच्या औषधाच्या पिशवीला लागला, परत आला. गोपाल खिडकीकडे वळला होता. बाबा मात्र उशीवरून बघत होते. ह्यांच्या हाताकडे बघितलं, मग डोळ्यांकडे, मग माझ्याकडे. बराच वेळ माझ्याकडे.

मग त्यांनी कण्हत हात लांब केला, ह्यांचं मनगट पकडलं आणि ह्यांचा हात माझ्या हातावर आणून ठेवला.

"गोपाल," बाबा म्हणाले, "मीच मधात आलो बाबू. मलेच आता दिसत नाई बराबर."

मला रडू फुटलं. रडतानाही मी ह्यांचा हात सोडला नाही, कारण सोडला असता तर तो ह्यांना पुन्हा शोधावा लागला असता.