प्रकाशाचा धडा

जिल्ह्यातल्या शाळांचा विज्ञानाचा अभ्यासक्रम राज्याच्या नव्या निकषांशी जुळवायचा होता. त्यासाठी नेमलेल्या समितीची प्रमुख म्हणून धाकट्या जावेला नेमलं आणि थोरलीला नुसतं सदस्य. थोरली तिच्या कितीतरी आधीपासून विज्ञान शिकवत होती. तिचा जळफळाट झाला.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी धाकटीने स्वयंपाकघरात तिला आराखडा दाखवला. प्रकाशाचा धडा आठवीतून सहावीत आणला होता. थोरलीला चूक लगेच दिसली, पण “छान झालंय” म्हणून ती भांडी विसळत राहिली.

दुसऱ्या दिवशी भरल्या बैठकीत ती उठली. “नव्या निकषांत गणितातले कोन सातवीत येतात. मग सहावीच्या मुलांना आरशावरचे किरण कसे समजावणार? एवढंही पाहिलं नाहीस?”

धाकटीचा चेहरा लाल झाला. तरी ती म्हणाली, “बरं झालं सांगितलंत, ताई. सातवीच्या शेवटी घेऊ या.”

शिक्षणाधिकारी खूश झाले. “प्रमुख असावी तर अशी! चूक किती मोकळेपणाने मान्य केली!”

थोरली खाली बसली. चूक पकडली तिने आणि कौतुक झालं धाकटीचं.

घरी जाताना धाकटीने विचारलं, “ताई, काल लक्षात आलं नव्हतं का?”

“नाही गं,” थोरली तिच्याकडे न बघता म्हणाली.