किल्ली काढली तरीही

या, असे जवळ सरका. दार लोटून घ्या, रस्त्यावरचा कालवा आत येतोय. आज एका घराची गोष्ट सांगतो. घर साधंच, दोन खोल्या आणि बाजूला पत्र्याची शेड. माणसं तीन. भांडण म्हणाल तर नाही. पण एका छपराखाली राहून "मीठ संपलंय", "दार लावून घे" यापलीकडे त्यांच्यात शब्द उरला नव्हता. देव अशा घरात कुठल्या वाटेनं शिरेल सांगता येत नाही. इथे तो शेडमधून शिरला.

थोरला मुलगा चष्म्यांच्या फ्रेमा घेऊन गावोगाव फिरायचा. त्याची जुनी डिझेल गाडी हीच त्याची जोडीदार. एका दुपारी गिऱ्हाइकाच्या दुकानात पायरीवर टेकला, तो उठलाच नाही. गाडी धाकट्या भावानं घरी आणली आणि शेडमध्ये लावली. त्यानंतर तिला कुणी हलवलं नाही. मागे राहिली त्याची आई, त्याची बायको आणि हा धाकटा.

सुनेला काही वाटत नव्हतं. भूक लागली तर जेवायची, नाही लागली तरी जेवायची. लोक समाचाराला आले, गळ्यात पडून रडले, आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जणू त्यांचंच कुणी गेलं होतं. रोज सकाळी मात्र डोळे उघडले की ती कान द्यायची. थोरला निघण्याआधी गाडी चालू करून तशीच ठेवायचा. त्या खडखडाटानं भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. आता कॅलेंडर हलत नव्हतं. तो आवाज एकदा ऐकला तर आपल्या आत काहीतरी फुटेल, आपण माणसासारखं रडू, एवढीच आशा तिनं धरून ठेवली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

काही महिन्यांनी एक दिवस सून ताट वाढत असताना सासूबाई म्हणाल्या, "ती शेड मोकळी करायची. गाडी रविवारी सुरू झाली तर ठेवू. नाही तर सोमवारी भंगारवाला येतोय."

सून म्हणाली, "बरं." हातातला पळा मात्र भांड्यात तसाच राहिला.

रविवारी धाकट्यानं शेजारच्या लिफ्टमामाला बोलावलं. हा उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून गल्लीनं त्याचं बारसं असं केलेलं. मोटारींचं त्याला बेताचंच कळायचं, पण उत्साह असा की विचारू नका.

"लिफ्ट बिघडली की माणूस आत अडकतो, गाडी बिघडली की बाहेर," बाह्या दुमडत तो म्हणाला. "बाकी फरक नाही."

सासूबाई शेडच्या दारात स्टूल टाकून बसल्या होत्या. मांडीवर लाकडी फळी, फळीवर चिरायची भाजी. "मामा, तेवढं बोलणं कमी करून बघा, कदाचित त्यावरच सुरू होईल."

"ताई, तुमच्या घरात कुणीतरी बोलायला नको का?"

यावर कुणी हसलं नाही.

बॅटरी आदल्या दिवशीच भरून आणली होती. मामानं तपासणीचा छोटा दिवा लावून इंजिन आतून तापवणारे हीटर प्लग पाहिले. चारातले दोन मेलेले. "डिझेलला ठिणगी नसते, धाकट्या. तिला नुसती ऊब लागते. माझ्यासारखीच."

"तुम्ही उबेत असलात की दहापर्यंत उठत नाही, असं मामी सांगत होत्या."

"मामीचं काय ऐकतोस!"

प्लग बदलले, डिझेलचा फिल्टर बदलला. हवेचा फिल्टर धुळीनं भरला होता. तो काढून झटकायला बाहेर ठेवला, त्यामुळे हवा आत ओढणाऱ्या पाइपाचं तोंड उघडंच होतं. मग नळीतली हवा काढायची. धाकटा फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप दाबत राहिला, शेजारच्या सैल केलेल्या स्क्रूमधून फेस येत राहिला. फेस संपून डिझेलची सलग धार लागली, तेव्हा मामानं स्क्रू आवळला.

"इंजिनात ऑइल आहे ना?"

"आहे," सून म्हणाली.

"आहे, आहे," धाकटा म्हणाला.

"आहे हो," दारातून सासूबाई म्हणाल्या.

"वा! एवढी एकी तर मंत्र्यांतही नसते." आणि या कौतुकात पट्टी ओढून तेलाची पातळी बघायची ती राहून गेली.

सून गाडीत बसली. तिनंच किल्ली फिरवायची, असं तिनं सांगितलं होतं. स्टिअरिंगमागचा हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबली आणि किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, गचके खाल्ले आणि पकडलं. शेड थरथरली. धाकट्यानं टाळी वाजवली. सून स्टिअरिंगवर हात ठेवून वाट बघत बसली.

पण आवाज थांबत नव्हता, चढत होता. तिचा पाय कशावरही नव्हता. मागून निळा-पांढरा धूर इतका आला की भिंत दिसेना. खडखडाटाची किंकाळी झाली.

"बंद कर, वहिनी!"

तिनं किल्ली फिरवली. काढली. हातात धरून दाखवली. "भावजी, किल्ली माझ्याकडे आहे!"

किल्ली तिच्या हातात आणि इंजिन मात्र पिसाळल्यासारखं पळतंय. मामाचा चेहरा उतरला. "डिझेलवर नाही चाललंय हे, तेल पितंय! हवा कोंडा त्याची! त्या पाइपाचं तोंड बंद करा!" असं ओरडत तो स्वतः मात्र मागे मागे सरकला. धाकटा जागीच थिजला.

सासूबाई उठल्या. भाजी जमिनीवर सांडली. फळी घेऊन त्या धुरात शिरल्या आणि त्यांनी ती पाइपाच्या तोंडावर धरली. फळी फटकन चिकटली. तरी इंजिन थांबेना, कुठल्यातरी फटीतून हवा ओढत राहिलं. तेव्हा त्या माउलीनं सगळं अंग त्या फळीवर टाकलं. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. देवाचं नाव असेल, नाही तर मुलाचं. इंजिन घुसमटलं. दोन मोठे झटके दिले, गाडी हलली आणि सगळं शांत झालं.

किती तरी वेळ त्या फळीवरून उठल्याच नाहीत. "आई, झालं," धाकट्यानं खांद्याला धरून उठवलं, तेव्हा उठल्या.

मामानं आता पट्टी ओढली. तेल खुणेच्या कितीतरी वर होतं; जास्तीचं तेल हवेच्या पाइपात चढलं होतं आणि इंजिन तेच जाळत सुटलं होतं. "कुणी ओतलं एवढं?"

थोरला दर रविवारी इंजिनात कपभर तेल ओतायचा. पट्टी बघायचा नाही. गाडी जुनी, आठवडाभर पळून तेवढं तेल खायची, हे त्याला पाठ होतं.

"मी," सून म्हणाली. "दर रविवारी एक कप. ते ओतायचे तसं."

धाकटा खाली बघत म्हणाला, "मीपण. तू मागे कपडे वाळत घालत असायचीस तेव्हा."

दोघांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? मला वाटलं, तुम्हा दोघांना ध्यानात कुठलं राहतंय! त्याच्या गाडीचे हाल नकोत."

"आणि डबा?" मामानं विचारलं. "तेलाचा डबा संपत नव्हता का?"

कमी झाला की तिघंही आपापलं, गुपचूप नवं तेल आणून भरत होती. "मी म्हणायचे, देवाची कृपा," सासूबाई म्हणाल्या. मामाला हसू फुटलं, मग धाकट्याला. उभ्या गाडीनं तेल खायचं कशाला, हा विचार तिघांतल्या एकालाही शिवला नव्हता.

इंजिन गार झाल्यावर मामानं पाना लावून ते हातानं फिरवून पाहिलं. कुठे अडत नव्हतं. खाली बादली ठेवून तेल सोडलं. काळी धार पडत राहिली, पडत राहिली. हवेच्या पाइपात साचलेलं तेलही पुसून काढलं. पट्टीवरच्या दोन खुणांच्या मधे येईल एवढंच नवं तेल भरलं. सासूबाई फळी घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. "लाव आता."

या वेळी ती नेहमीसारखी सुरू झाली. तोच खडखडाट, तोच मधेच अडखळणारा ठोका. सून ऐकत राहिली. आत काही फुटलं नाही. हातापायांत इंजिनाची थरथर येत होती, तेवढीच.

सासूबाई दार उघडून शेजारच्या सीटवर बसल्या.

"मला वाटलं होतं, आवाज ऐकला की रडू येईल," सून म्हणाली.

"नाही आलं?"

"नाही."

"मलाही नाही."

दोघी समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"बंद करू, आई?"

"राहू दे थोडा वेळ. डिझेल मागे डावीकडून भरतात ना? मला कधी कळलंच नाही. तो सांगायचा आणि मी ऐकायचे नाही."

"उजवीकडून," सून म्हणाली. "ते स्वतःच चुकायचे. पंपावर गाडी उलटी लावायचे, मग मागचे सगळे ओरडायचे."

"असं?" सासूबाई तिच्याकडे वळल्या. "आणखी सांग."

संध्याकाळी भंगारवाल्याला निरोप गेला, येऊ नका.

झाली गोष्ट. आता घरी जा, हातपाय धुवा, आणि निजण्याआधी देवासमोर उभे राहाल तेव्हा माझं एवढं ऐका. मुलानं जपलेलं इंजिन स्वतःच्या अंगाखाली कोंडून थांबवावं लागलं, त्या आईची एक क्षण आठवण ठेवा.