मुलाखतीपुरता शर्ट

मित्रांनो, मी एक जुना आकाशी शर्ट आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात, राईस मिलला लागून असलेल्या गल्लीत दोन खोल्यांचं एक घर आहे. तिथे दारामागच्या खुंटीवर मी टांगलेला असतो. माझी कॉलर झिजली आहे, एक बटण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं आहे आणि मिलचा कोंडा माझ्या खिशात कायमचा राहायला आला आहे. माझ्या आयुष्यात पराक्रम वगैरे काही नाही. तरी सांगतो, कारण मी थकलो आहे, आणि थकलेल्याला बोलून थोडं बरं वाटतं.

माझा जन्म मूलच्या बाजारातला. नथ्थू टेलरनं मला शिवलं. राजदीप तेव्हा चंद्रपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि कॉलेजात नोकऱ्या द्यायला कंपन्या येणार होत्या. पोरगा सडपातळ, हात लांबलचक, तयार शर्टांच्या बाह्या त्याला आखूड पडत. नथ्थूनं माप घेताना विचारलं, "लग्नाले पाह्यजे का कामाले?"

"कामाले," राजदीप म्हणाला.

"मंग खांद्यात ढिला ठेवतो. कामात मानूस वाकते."

मला घालून गेला त्याच दिवशी राजदीपला पुण्यात नोकरी लागली. घरी पेढे वाटले गेले. शर्टाला पाय नसतात, तरी माझा पायगुण चांगला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मीही तेव्हा तरुण होतो, कॉलर ताठ होती, मला ते खरं वाटलं.

पुण्यात मी ऑफिसात जाऊ लागलो. मध्ये राजदीपचं लग्न झालं. त्याची बायको संघप्रिया ही नर्स. शेजारच्या पोंभुर्णा तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात तिची कायमची नोकरी, त्यामुळे ती मूलला राहिली आणि हा पुण्याला. त्यांना दिव्यानी नावाची मुलगी झाली. राजदीप दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी यायचा, बाकी वर्षभर तिच्याशी मोबाईलवर बोलायचा.

दिव्यानी बोलायला शिकली त्या वर्षीची दिवाळी मी विसरलो नाही. राजदीप मला घालून दारात उभा होता. "बेटा, बाबा आले, पाह्य," असं संघप्रिया म्हणाली. पोरीनं त्याच्याकडे पाहिलं, मग कपाटावर ठेवलेल्या मोबाईलकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "बाबा तिथी हाये."

सगळे हसले. राजदीपही हसला. पण मी त्याच्या छातीवरच होतो, त्यामुळे आत काय झालं ते मला कळलं. परत जाताना बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. पुढच्या उन्हाळ्याआधी त्यानं पुण्याची नोकरी सोडली आणि घरून करता येईल असं कंत्राटी काम घेतलं.

राजदीप टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेली संगणकाची कामं कुठे बिघडतात ते शोधायचं, हा त्याचा धंदा. कंत्राटी काम ठरावीक महिन्यांचं असतं. ते संपलं की नवं शोधायचं. पहिलं काम मात्र लांबत गेलं आणि आमचे दिवस फार चांगले गेले. मीटिंग असली की मी खुंटीवरून उतरायचो. कॅमेऱ्यात फक्त वरचा भाग दिसतो, म्हणून वर मी आणि खाली गुडघ्यावर फाटलेला पायजमा. मी असा कमरेच्या वरचाच साहेब. टेबलाखाली दिव्यानी बसलेली असायची, बाबाचा गुडघा धरून, तोंडावर बोट ठेवून. मीटिंग संपली की तो वाकून तिला वर काढायचा. नथ्थूनं ढिला ठेवलेला खांदा मला तेव्हा उपयोगी पडला.

मग ते काम संपलं. नवं काम थेट मिळत नाही, मध्ये एजंट असतात. कंपनीला माणूस शोधून देणं हे त्यांचं काम. राजदीपनं आपली माहिती एका वेबसाइटवर टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले.

मित्रांनो, एवढे फोन आले की मला आधी वाटलं, आता काय, कामांचा पाऊस पडणार. पण प्रत्येक फोनवर तेच. अनुभव किती, सध्या कुठे असता, कधीपासून येऊ शकता. हे सगळं त्या माहितीत लिहिलेलं होतं, पण ती कोणी वाचलेली नसायची. "मूल, जिल्हा चंद्रपूर," म्हटलं की पलीकडून विचारणा, "सर, पुणे से कितना दूर है?" मग लाडीगोडी सुरू. "सर, आप तो एकदम परफेक्ट हैं. बस रेझ्युमे भेज दीजिए, आज ही." तो जेवण टाकून पाठवायचा. त्यानंतर तो परफेक्ट माणूस कोणाला आठवायचा नाही. यानं फोन केला तर कोणी उचलायचं नाही. एकानं तर त्याची माहिती कंपनीला पाठवताना वर आपलं चिन्ह लावलं, खालचा राजदीपचा फोन नंबर खोडला आणि न केलेलं एक काम त्याच्या नावावर लिहून दिलं. राजदीपनं तक्रार केली तर म्हणाला, "सब ऐसे ही करते हैं, सर."

आता मिलचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. आमची भिंत आणि राईस मिलची भिंत एकच. मिल चालू असली की ताटातली वाटी हलते, मग मुलाखतीत काय ऐकू येणार? मिल चालवणारे हरिदासभाऊ. राजदीपनं पहिल्यांदा त्यांना मिलच्या अंगणाकडच्या खिडकीतून विचारलं, "भाऊ, उद्या अकरा ते साडेअकरा जरा बंद ठेवता का? मुलाखत हाये."

दिवाळीनंतरचे दिवस, नवा धान आलेला. दारात पोत्यांच्या थप्प्या आणि ट्रॅक्टरची रांग. अशा वेळी अर्धा तास मिल बंद ठेवायची म्हणजे चार लोकांचं ऐकून घेणं आलं. हरिदासभाऊंनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "ठेवतो ना. पोरगी बापाजवळ राहून राह्यली, त्यात मोडता घालू का मी?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिलचा खटका ओढला. आजूबाजूला शांतता पसरली. धान घेऊन आलेले लोक बाहेर निंबाखाली बसले. संघप्रियानं पहाटेच मला इस्त्री केली होती. राजदीप कॅमेऱ्यासमोर बसला आणि म्हणाला, "हॅलो, माझा आवाज येतोय का?" समोर काळा पडदा. कोणी आलंच नाही. साडेअकराला मिल सुरू झाली. एजंट दोन दिवसांनी म्हणाला, "सॉरी सर, क्लायंट बिझी था." आठवड्यानं पुन्हा तसंच झालं. त्या वेळी निंबाखालून कोणीतरी ओरडलं, "भाऊ, साहेब आले का नाई?" राजदीपनं खिडकी लावून घेतली. त्यानंतर हरिदासभाऊंना विचारायची त्याला लाज वाटू लागली. मलाही वाटत होती. कडक इस्त्री करून फुकट बसणं किती जड जातं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

मग करण नावाच्या एका एजंटनं एक काम आणलं. काम अगदी राजदीपच्या हातचं आणि पूर्ण घरून. एकदाही पुण्याला जायचं नाही. "माझं नाव या कंपनीकडे फक्त तुम्हीच पाठवा," असं त्यानं राजदीपकडून लिहून घेतलं आणि बेपत्ता झाला. राजदीपनं निरोप धाडले, फोन केले. उत्तर नाही. महिना होत आला तेव्हा एका दुसऱ्या एजंट बाईचा फोन आला. कामाचं वर्णन थोडं वेगळं, शहर वेगळं. राजदीपनं कंपनीचं नाव विचारलं.

"कॉन्फिडेन्शियल है सर, बाद में बताएँगे."

राजदीपनं हो म्हटलं. संघप्रिया भाजी चिरत होती. ती म्हणाली, "नाव नाई सांगत, तर हो काऊन म्हटलं?"

"ज्याले आधी हो म्हटलं तो बोलूनच नाई राह्यला. मी कोनाच्या भरवशावर बसू?"

ती पुन्हा भाजी चिरू लागली.

दोन दिवसांनी करण उगवला. उद्या अकराला त्या कंपनीची मुलाखत, म्हणाला. राजदीप दोनदा खिडकीशी गेला आणि न विचारताच परत आला. शेवटी दिव्यानीच ओरडली, "हरिदास मामा, उद्या आमची मुलाखत हाये." हरिदासभाऊंनी मिलच्या दारातूनच हात वर केला.

आणि काय सांगू, त्या दिवशी पडद्यावर खरोखर माणसं आली. दोघं होते. राजदीप असा बोलला की मीसुद्धा ऐकत राहिलो. त्यांच्या कामातली एक गफलत त्यानं तिथल्या तिथे दाखवली. ते हसले, म्हणाले, आम्हाला असाच माणूस हवा होता, सोमवारपर्यंत पक्कं कळवतो. पडदा मिटल्यावर राजदीपनं दिव्यानीला टेबलाखालून काढून खांद्यावर बसवलं आणि खिडकीतून हरिदासभाऊंना अंगठा दाखवला. निंबाखालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बऱ्याच दिवसांनी मला पुन्हा नवं झाल्यासारखं वाटलं.

सोमवारी करणचा फोन आला. तो चिडला होता. राजदीपचं नाव त्याच कंपनीकडे दोन ठिकाणांहून गेलं होतं. त्या बाईनं जिचं नाव लपवलं ती कंपनी हीच. एक माणूस दोन एजंटांकडून आला तर दोन्ही अर्ज बाद, असा तिथला नियम. "आपने मेरा नाम खराब किया," करण म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. बाईचा फोन लागला नाही. कंपनीत कोणाशी बोलावं तर कंपनीचा नंबर एजंट देतच नाहीत.

राजदीपनं मला काढलं आणि घडी न घालता खुंटीला अडकवलं. तो कोणावर रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

पंधरवड्यानं त्यानं पुण्याचं एक काम घेतलं. रोज ऑफिसात जायचं. निघताना त्यानं नवा शर्ट घातला, कारण माझी कॉलर आता चारचौघांत दाखवण्यासारखी नाही. दिव्यानी दारात उभी होती. तो वाकला, तिचं डोकं हुंगलं आणि बस पकडायला गेला. संघप्रियानं कपाटावरचा मोबाईल उचलला, चार्जिंगला लावला आणि ड्यूटीला निघून गेली. शेजारची बायनाबाई पोरीला सांभाळायला येऊन बसली.

काल दिव्यानीनं स्टुलावर चढून मला खुंटीवरून काढलं आणि अंगात घातलं. माझ्या बाह्या जमिनीवर लोळत होत्या. तिनं खिडकीतून हाक मारली, "हरिदास मामा, आमची मुलाखत हाये. मिल बंद करा."

बायनाबाई म्हणाली, "अवो, त्याहिले काम हाये." पण मिल थांबली. दारात ट्रॅक्टर उभे होते, तरी थांबली.

दिव्यानी बाबाच्या खुर्चीत बसली. समोर नुसतं टेबल, वर काही नाही. तिनं माझी कॉलर नीट केली, पाठ ताठ केली आणि म्हणाली, "हॅलो, माझा आवाज येऊन राह्यला का?"

थोडा वेळ काहीच झालं नाही. मला तो थोडा वेळ ओळखीचा होता. मग खिडकीच्या गजांपाशी कोंड्यानं पांढरं झालेलं एक डोकं दिसलं.

"येऊन राह्यला, बाई," हरिदासभाऊ म्हणाले. "बोल तू. मी आयकून राह्यलो."

मित्रांनो, मला धुवा, इस्त्री करा, असं माझं काही मागणं नाही. माझे दिवस भरत आले आहेत, उद्या माझं फडकं झालं तरी चालेल. पण तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातात कोणाचं तरी काम असेल आणि कोणीतरी तुमच्यासाठी शर्ट घालून बसलेलं असेल. त्यानं विचारलं, आवाज येतोय का, तर हो म्हणा. काम देता येत नसेल तर नाही म्हणा. पण ओ द्या.