जेसिंताबाईंचा जबाब

गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा माणूस फाटकापाशी आला तेव्हा दुपारचे पावणेचार झाले होते आणि जेसिंताबाई मागच्या पडवीत बांगडे साफ करत होत्या. त्यांनी हात धुतले आणि पदराला पुसत पुढे आल्या. त्या माणसाने सिलिंडर खाली ठेवला आणि ओटीपी विचारला. गॅसचं पुस्तक त्यांचे यजमान एडवर्ड यांच्या नावावर होतं, पण एडवर्ड निवृत्त होऊन घरी येईपर्यंत जहाजावर असल्यामुळे त्यावर मोबाइल नंबर दिला होता मुलाचा, क्लाइव्हचा. मेसेज त्याच्याच फोनवर यायचा.

बाईंनी क्लाइव्हला फोन लावला. सव्वीस वर्षांचा क्लाइव्ह स्वतःची गाडी चालवायचा. गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावरून, कुडाळ स्टेशनवरून पर्यटकांना मालवणात आणायचं आणि परत सोडायचं, हे त्याचं काम. त्या दिवशी तो कुडाळला प्रवासी सोडून रिकाम्या गाडीने घरी परतत होता.

"गाडी चलवतंय मम्मी," तो म्हणाला. "मागसून सांगतंय."

सिलिंडरवाल्याला अजून सात घरं करायची होती. तो म्हणाला, नसेल तर उद्या येतो. आदल्या दिवसापासून घरातला गॅस संपला होता, आणि रविवारी माणसं जेवायला यायची होती.

"एक मिनिटाचा काम रे," बाई म्हणाल्या. "तो माणूस जाता परत. बघून सांग."

क्लाइव्हने फोन कानापासून दूर केल्याचं त्यांना समजलं, कारण गाडीचा आवाज एकदम मोठा झाला. मग त्याचा आवाज आला, "सात... दोन..."

त्यानंतर काहीतरी आपटलं. काच फुटल्याचा आवाज आला, आणि क्लाइव्ह एकदाच ओरडला, पण शब्द कळले नाहीत. फोन चालूच होता. बाई हाका मारत राहिल्या. समोर उभ्या असलेल्या सिलिंडरवाल्याने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि, राहू दे बाई, म्हणत सिलिंडर तसाच ठेवून तो निघून गेला.

तासाभराने क्लाइव्हचा फोन आला. चौके गावाच्या अलीकडच्या उतारावर एक बाई गाडीखाली आली होती. त्यानेच तिला उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं, पण पोचेपर्यंत ती गेली होती. त्याच्या कपाळाला चार टाके पडले होते. बाईंनी विचारलं, कोण रे ती? तो रडत होता. त्याला नाव माहीत नव्हतं.

नाव संध्याकाळी कळलं. यशोदा. बाबलीची बायको, पूजाची आई.

जेसिंताबाईंनी सत्तावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं होतं, त्यातली नऊ बाबलीच्या गावच्या शाळेत. पूजा पहिलीपासून चौथीपर्यंत त्यांच्या हाताखाली होती. यशोदा तिला शाळेत सोडायला यायची ती कधी रिकाम्या हाताने यायची नाही. तांबड्या भाजीची जुडी, दोन काकड्या, उन्हाळ्यात ओले काजू. वर्गाच्या दारातच उभी राहायची, कितीही सांगितलं तरी आत यायची नाही.

पोलिसांना क्लाइव्हने सांगितलं की ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती आणि अचानक रस्त्याच्या मधे आली. बघणारं दुसरं कुणी नव्हतं. तिला दवाखान्यात न्यायला त्याने गाडी हलवलेली, त्यामुळे गाडी कुठे होती तेही कुणाला सांगता येईना. पोलिसांनी रस्ता मोजला, जबाब घेतला, गुन्हा नोंदवला. दुसऱ्या दिवशी जामीन झाला. फोनचं कुणी विचारलं नाही, आणि वकिलाने सांगितलं की विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

एडवर्ड वकिलाच्या बाजूचे होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. यशोदाच्या मातीला ते गेले होते आणि लांब उभे राहून सगळं होईपर्यंत थांबले होते. पण घरी आल्यावर त्यांनी बायकोला बसवून सांगितलं, "ती बाई परत येवची नाय, जेसिंता. आपलो झील, आपलो क्लाइव्ह मात्र जातलो." त्या गप्प राहिल्या याचा अर्थ एडवर्डनी होकार असा घेतला, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तो होकारच होता.

बाराव्याचं सगळं आटोपल्यावर दोघं बाबलीकडे भेटायला गेली. दारात जाईपर्यंत बाईंना वाटत होतं की तो आपल्याला हाकलून देईल. त्याने खुर्च्या मांडल्या. पाणी आणायला पूजाला हाक मारली, पण ती आली नाही. मग स्वतःच उठून तांब्या घेऊन आला.

"बाईनू, तुमचो झील जेवता मां?" त्याने विचारलं. "पोराक धसको बसलो असतलो."

बाईंनी पाण्याचा एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

बाबली मान खाली घालून सांगत राहिला. शेतातून घरी यायला पाणंद होती, पण कुणीतरी तिच्यावर काटे टाकून ठेवले होते. ते काढायला त्याला वेळ झाला नव्हता. यशोदा म्हणत होती की गवत उद्या आणू. त्यानेच सांगितलं, रस्त्याने जा आणि आजच आण, गुरांना घरात काही नाही. तिला एका कानाने कमी ऐकू यायचं, हे त्याला माहीत होतं. तरी पाठवलं.

"मीच तिका रस्त्यान धाडलंय," तो म्हणाला. "तुमच्या झिलाचो काय दोष?"

ती दोघं निघाली तेव्हा पूजा घरापुढच्या खळ्याच्या कडेला उभी होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. एडवर्ड पुढे गेल्यावर ती बाईंजवळ आली. आई कधी रस्त्याच्या मधे जायची नाही, ती कायम गटाराच्या कडेने चालायची, असं ती म्हणाली. पण पोलीस म्हणतात म्हणजे गेली असेल. काटे काढा म्हणून आई आठ दिवस बाबांच्या मागे लागली होती. त्या दिवसापासून ती बाबांशी बोललेली नाही, आणि परीक्षा झाली की मुंबईला मावशीकडे जाणार आहे, ती परत यायची नाही. हे सगळं ती खालच्या आवाजात सांगत होती, शाळेत बाईंना एखादी गोष्ट सांगायची तशी.



क्लाइव्ह तेव्हा घराबाहेर पडत नव्हता. गाडी शेडमध्ये तशीच होती. दाढी वाढलेली, जेवण नावाला. दुसऱ्या दिवशी दुपारी एडवर्ड बाजारात गेले असताना बाई त्याच्या खोलीत गेल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"ती मधी इलेली काय रे?"



"माका ठावक नाय," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "मी फोनात बघत होतंय. थांबलंय तेवां डावी चाकां मातीत होती."

म्हणजे यशोदा कडेलाच होती, गाडीच तिच्याकडे गेली होती. बाईंनी त्याला बाबलीच्या घरी काय चाललंय ते सांगितलं, काट्यांचं सांगितलं, पूजाचं सांगितलं, आणि पोलिसांत जाऊन खरं सांग म्हणून विनवलं. तो ऐकत होता. मग त्याने मान वळवली.

"फोन तू केलंस मम्मी. मी सांगलंय, मागसून सांगतंय. तू ऐकलंस नाय."

"होय," बाई म्हणाल्या.

"सांगितला तर तुझा नाव येतला."

"येवंदे."

पण तो तयार झाला नाही. मला भीती वाटते, एवढंच म्हणाला आणि पांघरूण डोक्यावर ओढलं. पाच-सहा वर्षांचा असताना ताप आला की तो असाच करायचा. बाई त्याच्या पायांवर हात ठेवून बसून राहिल्या. तो उठेल, आपणहून कपडे घालून तयार होईल, म्हणून त्या आठवडाभर वाट बघत होत्या. रविवारी त्या चर्चला गेल्या, पण फादरना भेटल्या नाहीत. फादर काय सांगतील ते त्यांना माहीत होतं.

सोमवारी सकाळी त्यांनी एसटी पकडली आणि त्या एकट्याच बाबलीकडे गेल्या. या वेळी खुर्चीवर बसल्या नाहीत. पूजालाही बाहेर बोलावलं आणि दोघांच्या समोर उभं राहून सगळं सांगितलं. सिलिंडर, फोन, तो नको म्हणत असताना आपण केलेली घाई, मातीत गेलेली चाकं. यशोदा मधे आली नव्हती, तिची काही चूक नव्हती, असं त्यांनी दोनदा सांगितलं. बाबलीकडे बघून म्हणाल्या, तुमचीसुद्धा नव्हती.

बाबली खळ्यात खाली बसला. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि पाठ हलायला लागली. पूजा मात्र बाईंकडे सरळ बघत होती.

"इतके दिवस तुमका ठावक होता," ती म्हणाली. "त्या दिवशी हय पाणी प्यालात, तेवांय ठावक होता."

"होय."

"जावा तुमी," पूजा म्हणाली. बाई निघाल्या.

तिथून त्या परत घरी गेल्या नाहीत. पोलीस ठाण्यात गेल्या. जबाब घेणारा अधिकारी तरुण होता. त्याने दोनदा विचारलं, मॅडम, तुम्ही त्याच्या आईच ना? मग लिहून घेतलं आणि सही करण्याआधी वाचायला दिलं. बाईंनी सवयीने पेन हातात घेऊन वाचलं. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'मी त्यास क्रमांक सांगण्याची विनंती केली.' त्यांनी विनंती या शब्दावर बोट ठेवलं.

"इथे आग्रह लिहा," त्या म्हणाल्या. "मी आग्रह केला."

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा एडवर्ड ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी बॅग भरून क्लाइव्ह म्हापशाला आत्याकडे निघून गेला. एडवर्ड त्या घरातच राहिले, पण पुढच्या खोलीत झोपायला लागले, आणि मिठाचा डबा हवा असला तरी स्वतः उठून घेऊ लागले.

खटला उभा राहायला दीड वर्ष गेलं. जेसिंताबाईंना साक्षीला बोलावणं येणार होतं. मुलाच्या समोर उभं राहून ते सगळं परत कसं सांगायचं, याचा विचार करून त्यांना जेवण जाईनासं झालं होतं. पण त्यांच्यावर ती वेळ आली नाही. पहिल्याच तारखेला क्लाइव्ह उभा राहिला आणि गुन्हा कबूल आहे म्हणाला. वकिलाने त्याचा हात धरला, तो त्याने सोडवून घेतला. बाबली मागच्या बाकावर होता. पूजा नव्हती. ती मुंबईला गेली होती. निघण्याच्या सकाळी ती वडिलांच्या पाया पडली होती आणि दिवाळीला येते म्हणून सांगून गेली होती. तेवढं तरी झालं होतं.

क्लाइव्हला सव्वा वर्षाची शिक्षा झाली.

बाई दर महिन्याला सावंतवाडीच्या तुरुंगात भेटीला जायच्या. पहिल्या दोन भेटींत तो समोर आला, बसला, आणि वेळ संपेपर्यंत आपल्या हातांकडे बघत राहिला. बाई बोलत राहायच्या. शेजारच्या म्हशीला रेडा झाला, पप्पांचं ब्लड प्रेशर वाढलंय, आंब्याला मोहोर कमी आहे. घरी येताना बसमध्ये त्यांना आपण काय काय बोललो तेही आठवायचं नाही.

तिसऱ्या भेटीत त्या येऊन बसल्याबरोबर तो म्हणाला, "ती लगेच गेली नव्हती, मम्मी."

बाई जाळीजवळ सरकल्या.

"गाडयेत मागच्या सीटवर होती. मी चलवत होतंय, माझ्या कपाळातसून रगत येत होता. माका वाटला, ती बेशुद्ध आसा. तर तिना विचारल्यान..." तो थांबला. "तिना विचारल्यान, तुका लागला काय रे झिला?"

भेटीच्या खोलीत दुसरीही माणसं होती, पण बाईंना कुणाचाही आवाज येईनासा झाला.

"मी काय सांगलंय नाय तिका," क्लाइव्ह म्हणाला. "नुसतो रडत होतंय. मगे ती बोलली नाय." दीड-पावणेदोन वर्षं त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. पोलिसांना नाही, वकिलाला नाही, म्हापशाला आत्याला नाही. डोळे मिटले की तेच ऐकू येतं, असं तो म्हणाला. त्या दिवशी मम्मीने विनवलं तेव्हाही तो हेच सांगायला तोंड उघडणार होता, पण सांगितलं असतं तर त्याला जगता आलं नसतं.

बाईंनी जाळीवर बोटं ठेवली. पलीकडून त्याने आपली टेकवली.

"त्यांका सांगू मी?" त्यांनी विचारलं.

त्याने मान हलवली. सांग.

सावंतवाडीहून बाई सरळ बाबलीच्या गावी गेल्या. भर उन्हाची वेळ होती. फाटकापाशी त्या थबकल्या. पूजाने त्यांना जा म्हटल्यापासून त्या या खळ्यात आल्या नव्हत्या. बाबली पडवीत विळा घासत बसला होता. त्यांना बघून तो उठला नाही, पण त्याने समोरचं बाकडं थोडं पुढे ढकललं. बाई बसल्या. आणि क्लाइव्हने सांगितलं होतं ते जसंच्या तसं, त्याच शब्दांत, सांगितलं.

बाबली ऐकत होता. त्याचा विळा हातातच राहिला.

"तसाच विचारतली ती," तो म्हणाला. "माका ठेच लागली तरी तीच रडाची."

मग त्याने बाजूच्या कोनाड्यातून मोबाइल काढला. पूजाने घेऊन दिलेला होता. चष्मा चढवून, एकेक बटण बघत, त्याने मुंबईला फोन लावला. पलीकडून पूजाचा आवाज आला तसा तो म्हणाला, "चेडवा, कामात आसस काय? नसलंस तर जरा बस. बाई इल्यात. तुझ्या आयेचा काय सांगतत, ता आयक."

आणि त्याने फोन जेसिंताबाईंच्या हातात दिला.