नळीचं दुसरं टोक

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी शाळेच्या मैदानावर अकरा गाड्या जमायच्या. सगळ्या इंग्लंडात तयार झालेल्या, दोनच माणसांच्या, पोट जमिनीला घासेल इतक्या बुटक्या आणि जवळजवळ मालकांच्याच वयाच्या. मालक बॉनेट उघडून उभे राहायचे आणि आपापल्या गाडीची अशी निंदा करायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, आज घरी जाताना हे तिला भंगारात देऊनच जाणार.

"माझ्या ट्रायम्फला छप्पर आहे," चष्म्याच्या दुकानाचे मालक सांगायचे, "पण ते बसवेपर्यंत पाऊस थांबतो."

"खाली तेल सांडलेलं दिसलं नाही, की मी घाबरतो," दातांचे डॉक्टर म्हणायचे. "म्हणजे आत उरलेलंच नाही."

निंदेचा हक्क मात्र मालकाचाच. आपल्या पोराला आपण बदडू, शेजाऱ्यानं बोट लावता कामा नये, तसला प्रकार.

या अकरा जणांत गाणं एकालाही येत नव्हतं, त्यामुळे तानसेन कुणी नव्हता. कानसेन मात्र एक होते. छापखान्यात तीस वर्षं फोरमनकी करून निवृत्त झालेले, उंच, किडकिडीत. त्यांना हे नाव दातांच्या डॉक्टरांनी दिलं होतं आणि ते इतकं चिकटलं, की पोस्टमनही त्यांना त्याच नावानं हाक मारू लागला.

या गाड्यांच्या इंजिनाला शेजारी शेजारी दोन कार्बोरेटर असतात. दोघांनी सारखी हवा ओढली तर इंजिन मांजरासारखं गुरगुरतं. एकानं जास्त, एकानं कमी ओढली, तर एका जोखडाला घोडा आणि बैल जुंपल्यासारखं होतं. ते जुळवायची जुनी रीत म्हणजे हातभर रबरी नळी. एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. हवेची सळसळ ऐकायची, मग दुसऱ्याची ऐकायची आणि दोन्ही एकसारख्या होईपर्यंत स्क्रू पाव पाव फेरा फिरवायचे. त्यानंतर पेट्रोल आणि हवेचं प्रमाण, तेही कानानंच. यासाठी मोजयंत्र मिळतं. पण ते वापरणं म्हणजे आईनं स्वतःचं पोर ओळखायला त्याच्या बोटांचे ठसे घेण्यासारखं, असं या मंडळींचं मत होतं. शिवाय कानसेन असताना यंत्र हवं कशाला? गेली पंधरा वर्षं अकराच्या अकरा गाड्या त्यांच्याच हाताखालून जात होत्या.

हाताखालून जात होत्या हे खरं. कानाखालून नव्हे.

पंधरा वर्षांपूर्वी कानाच्या डॉक्टरांनी त्यांच्यापुढे एक आलेख ठेवला होता. डावीकडून येणारी रेघ बरीच सरळ चालून मग एकदम कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली गेली होती. "बोलणं ऐकू येईल," डॉक्टर म्हणाले. "वरच्या पट्टीचे बारीक आवाज गेले. छापखान्यानं खाल्ले." कार्बोरेटरची सळसळ नेमकी वरच्याच पट्टीत असते.

घरी येऊन कानसेन नळी खुंटीला टांगून बसून राहिले. बायकोनं कारण विचारलं, ऐकलं आणि नळी स्वतःच्या कानाला लावली. तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बावीस वर्षं काढली होती. कुठल्या लाइनवर कोण हळूच तिसरा येऊन ऐकतोय, हे तिला श्वासावरून कळायचं. इंजिनापुढे वाकून ती म्हणाली, "अहो, हा 'श' म्हणतोय. आणि हा 'स'."

"दोघांनी काय म्हणायला हवं?"

"ते तुम्ही सांगा. मी आपली निरोप्या."

त्या दिवसापासून नियम झाला: जुळवणी घरीच, इंजिनाला गर्दी चालत नाही, मालकानं आत जाऊन चहा घ्यावा. मालक आत गेला, की ती पदराखालून नळी काढायची. हाताचा पंजा वर म्हणजे उघड, खाली म्हणजे आवळ, मूठ म्हणजे जमलं. ती बुटकी होती, म्हणून नळीची खुंटी भिंतीवर खाली आली. कडक रबर कानाला टोचायचं, म्हणून तिनं टोकाला जुन्या साडीची निळी पट्टी गुंडाळली. मालक चहा पिऊन बाहेर यायचा, गुरगुर ऐकून खूश व्हायचा आणि कानसेनच्या पाठीवर थाप मारायचा. ती तोवर कपबशा विसळायला गेलेली असायची.

"एकदा सांगून टाकू या का?" कानसेननी सुरुवातीला दोन-तीनदा विचारलं होतं.

"कशाला? गाडी चालतेय ना?" ती म्हणायची. पुढे त्यांनी विचारणं सोडलं. सवय झाली. खोटं सांगायचं असतं तर जड गेलं असतं; इथे नुसतं गप्प राहायचं होतं.

मग ती गेली. ताप आला, अंगात मुरला आणि आठव्या दिवशी सगळं आटोपलं.

तीन महिने कुणी गाडी आणली नाही. चौथ्यात दातांचे डॉक्टर आले. त्यांची हिरवी एमजी वडिलांनी घेतलेली. इंजिनावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर अजून तोच, याचा त्यांना स्वतःच्या पदवीपेक्षा जास्त अभिमान होता. लेक परदेशी निघाली होती आणि जाण्याआधी तिला आजोबांच्या गाडीतून डोंगरावरच्या तलावापर्यंत न्यायचं होतं.

"जमेल ना रे? मन लागत नसेल तर राहू दे."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. कानसेन म्हणाले, "आत बस. चहा मात्र तुझा तुलाच करावा लागेल."

नळी त्यांनी कानाला लावली. निळ्या पट्टीला अजून तिच्या केसांच्या तेलाचा वास होता. पहिला कार्बोरेटर: काही नाही. दुसरा: काही नाही. जणू कुणी फोन उचलून बोलतच नव्हतं. त्यांनी हाताला आठवत होते तेवढे फेरे फिरवले, बॉनेटवर तळवा ठेवून थरथर पाहिली आणि बऱ्यापैकी वाटल्यावर बॉनेट लावलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वा! कान तो कानच."

तलाव सहा किलोमीटर राहिला असताना एमजीनं निळा धूर सोडला आणि ती थांबली. बापलेक उरलेला चढ एका टेम्पोतून गेले.

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी एका कापडात बांधून पहिला पिस्टन मैदानावर आणला. त्याच्या माथ्यावर अंगठा जाईल एवढं भोक होतं, कडा मेणासारख्या वितळलेल्या. ज्या नळकांड्यात तो चालायचा, तिथं खोल ओरखडे गेले होते. इंजिनाचा मूळ ब्लॉक, तो नंबर असलेला सांगाडा, आता कामाचा राहिला नव्हता. सोबत चार प्लग. मागचे दोन बिस्किटाच्या रंगाचे, जसे असावेत तसे. पुढचे दोन खडूसारखे पांढरे.

पुढच्या कार्बोरेटरनं हवाच हवा दिली, पेट्रोल पुरेसं दिलं नाही; अशा वेळी पिस्टन तापून वितळतो. कानसेनना ते बघताक्षणी कळलं. पण दहा जण त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"काय वाटतं रे?" डॉक्टरांनी विचारलं. "जुळवणी तुझी, म्हणजे तिथं चूक नाही. मीच चढावर जास्त दामटली असणार."

"पेट्रोल," कानसेन म्हणाले. "पेट्रोल खराब असेल."

"तरीच!" चष्मेवाले म्हणाले. पेट्रोलला शिव्या घालणं ही पुढची दहा मिनिटं सगळ्यांच्या आवडीची गोष्ट झाली.  डॉक्टर तेवढे पिस्टनच्या भोकात बोट घालून फिरवत होते. "बाबांनी मला याच गाडीत क्लच शिकवला," एवढंच ते एकदा म्हणाले.

त्या महिन्यात कानसेननी रोज सकाळी स्वतःची गाडी चालू केली आणि नळी कानाला लावून उभे राहिले. ऐकू येईल अशी आशा नव्हती. पण उजव्या बाजूला, ती उभी राहायची तिथं, ते अजूनही जागा सोडून उभे राहत होते. एके सकाळी त्यांना हिशेब लागला: आपण पेट्रोलवर ढकललं ते नुसतं एक इंजिन नव्हतं. पंधरा वर्षं जे अचूक झालं, ते आपल्या नावावर राहिलं. तिच्याशिवाय जे चुकलं, त्याला आपण मालकच ठेवला नाही.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी डॉक्टर गाडीशिवाय, बायकोबरोबर आले. चष्मेवाल्यांनी ट्रायम्फचं बॉनेट उघडून हाक मारली, "कानसेन, या आठवड्यात हिच्याकडे बघ जरा. खोकतेय."

कानसेननी खिशातून नळी काढली आणि बॉनेटवर ठेवली.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "पंधरा वर्षं झाली. ऐकायची ती. तुमच्या सगळ्यांच्या गाड्या तिनं जुळवल्या, मी नुसते स्क्रू फिरवले. डॉक्टरची तेवढी मी एकट्यानं केली. पेट्रोल चांगलं होतं."

 चष्मेवाले हसले, मग आपण एकटेच हसलो हे लक्षात येऊन चष्मा पुसू लागले.

"मला ठाऊक होतं, भावजी," डॉक्टरांची बायको म्हणाली. "पुरुष चहा पिताना बशीत बघतात. मी खिडकीतून बघायची. एकदा विचारलंही तिला, तुम्हीच करता ना हे सगळं? तर म्हणाली, 'छे, करतात ते. मी फक्त कान देते.' आणि शपथ घातली, बोलायचं नाही म्हणून."

"मग मी गाडी घेऊन निघालो, तेव्हा तरी मला सांगायचंस!" डॉक्टर तिच्यावर ओरडले.

"मला वाटलं, भावजी स्वतःच नाही म्हणतील."

हे सगळ्यात शांतपणे बोललं गेलं आणि सगळ्यात जास्त लागलं.

डॉक्टर मैदानाच्या कडेला गेले आणि पाठ करून उभे राहिले. कानसेन मागोमाग गेले. माफी मागायची कशी, हे त्यांना सुचेना, कारण ब्लॉक काही माफीनं सांधला जात नाही.

"तू मला सांगायचं होतंस," डॉक्टर न वळता म्हणाले.

"सांगितलं असतं, तर तू गाडी आणली नसतीस."

"नसती आणली." डॉक्टर अजूनही रस्त्याकडेच बघत होते. "मी मात्र आलो असतो."

मग ते बायकोला घेऊन निघून गेले. पुढच्या महिन्यात येईन असं म्हणाले नाहीत, येणार नाही असंही नाही.

दुपारी घरी आल्यावर कानसेननी गाडी आत घेतली आणि इंजिन बंद केलं. नळी टांगायला ते भिंतीशी गेले. खुंटी त्यांच्या कमरेच्या जरा वर होती. नवी, आपल्या उंचीला ठोकायची, असं त्यांनी इतक्या महिन्यांत कितीदा तरी ठरवलं होतं. खिळा आणि हातोडी खिडकीत तशीच पडली होती. निळी पट्टी सैल झाली होती. त्यांनी ती उलगडली, पुन्हा घट्ट गुंडाळली, गाठ मारली. मग गुडघ्यांवर हात टेकून ते खाली वाकले आणि नळी तिच्या जागी अडकवली.